समुद्राखालची वखार

टाकाऊ वायू दूरवर वाहून नेऊन पुरावा, आणि त्यातूनच एक उद्योग उभा राहावा, हे नॉर्वेत घडले आहे. ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याच्या धुरातून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात जहाजाने ओयगार्डनला जातो. तेथून सुमारे १०० किलोमीटरच्या नळातून तो समुद्रतळाखाली २,६०० मीटर खोल खडकात सोडला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये या साठ्यात प्रथम वायू भरण्यात आला.

याचे मूळ एका करात आहे. १९९१ साली नॉर्वेने समुद्रातील तेल-वायू उत्पादकांवर कर्बकर बसविला. तो भरण्यापेक्षा वायू पुरणे परवडते, असा हिशेब झाला आणि १९९६ पासून स्लाइप्नर क्षेत्रात वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू जमिनीखाली जाऊ लागला. सिमेंटचे गणित मात्र निराळे. चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू सुटतो. इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी तो टळत नाही. तो पकडण्याचा खर्च कारखान्याला एकट्याने पेलणारा नव्हता. म्हणून या योजनेचा सुमारे दोन तृतीयांश भार सरकारने उचलला. करापासून निघालेला प्रवास असा अनुदानापाशी येऊन पोचला, हे नजरेआड करून चालणार नाही. ऑस्लोतील कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाचे काम तर खर्च फुगल्यामुळे २०२३ मध्ये थांबले होते. ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले.

रोजगाराचे काय? भूगर्भतज्ज्ञ, विहिरी खोदणारे, नळ जोडणारे अशा तेलउद्योगातील कुशल मनुष्यबळाला येथे काम मिळते. तेलाचे दिवस सरत जातील तसे त्याचे मोल वाढेल. परंतु पहिली जहाजे चीनमध्ये बांधली गेली, हेही खरे. शिवाय भांडवल अफाट आणि हात थोडे, असा हा धंदा आहे.

धोक्याचा प्रश्नही उरतोच. २०२० साली अमेरिकेत मिसिसिपीतील सटार्शिया गावाजवळ असाच एक नळ फुटला. हवेहून जड असलेला वायू सखल भागात साचला, मोटारी बंद पडल्या आणि ४५ जणांना रुग्णालय गाठावे लागले. समुद्राखालील साठा वस्तीपासून दूर आहे, हा मोठाच दिलासा. पण युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार, भरून बंद केलेल्या साठ्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे किमान वीस वर्षांनंतर, अटी पूर्ण झाल्यास, कंपनीकडून राज्यसंस्थेकडे जाते. त्यापुढच्या पहाऱ्याची जबाबदारी आज शाळेत असलेल्या मुलांच्या पिढीवर येणार आहे.