फिशटँकमध्ये लाकूड ठेवताय? पाण्याच्या रंगापेक्षा लाकूड कुठले ते पाहा

पंचगंगेचा पूर ओसरला की काठावर गाळाबरोबर मुळे, बुंधे आणि फांद्यांचे ढीग उरतात. पाण्याने घासून गुळगुळीत झालेली ही लाकडे दिसायला सुरेख असतात. मत्स्यालयाच्या दुकानात अशाच ‘ड्रिफ्टवूड’ला चांगले पैसे मोजावे लागतात. मग काठावरचेच उचलून घरच्या टँकमध्ये ठेवले तर काय बिघडले? बिघडते, आणि कधी कधी एका रात्रीत.

नदीकाठचे लाकूड का नको?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी घरांत, गॅरेजमध्ये, शौचालयाच्या टाक्यांत आणि उसाच्या फडात शिरले होते. एरवीही पंचगंगेत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळतेच. सच्छिद्र लाकूड हे सगळे स्पंजसारखे शोषून घेते. उकळल्याने जंतू, अळ्या, बुरशी मरते. ऑइल, तणनाशक किंवा धातूंचा अंश मात्र जात नाही. नदीत तो पातळ होतो, पण ५० लिटरच्या टँकमध्ये मासे दिवसरात्र त्यातच राहतात.

कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या लाकडात मीठ मुरलेले असते. ते काढायला कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे लागते. जंगलातले लाकूड स्वच्छ असेल, पण राधानगरी अभयारण्यातून परवानगीशिवाय वाळकी फांदीही आणता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तर वाहून आलेल्या लाकडासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत ते सरकारचे मानले जाते.

मग कोणते चालेल?

दुकानातले मोपानी जड असते, लगेच बुडते, पण रंग खूप सोडते. स्पायडरवूड सुरुवातीला तरंगते. घरच्या परसातली पेरूची फांदीही चालते. मात्र ती पूर्ण वाळलेली, साल काढलेली आणि फवारणी न झालेली हवी. कण्हेर विषारी आहे, तिला हातही लावू नका. निलगिरी, चिकाची झाडे, पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणि पॉलिश केलेले शोपीस टाळा. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. आत भुसभुशीत लागले तर ते लाकूड टँकमध्ये कुजणार.

तयारी कशी करायची?

ब्रशने घासून तासभर उकळा. त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे नको. तुकडा मोठा असेल तर बादलीत ठेवून वरून उकळते पाणी ओता. नंतर एक-दोन आठवडे भिजत ठेवा आणि पाणी रोज बदला.

तरंगत असेल तर खाली दगड बांधावा लागतो. बहुतेक जण इथे हाताशी असलेला शहाबादी फरशीचा तुकडा घेतात. पण शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते हळूहळू पाणी जड करतात. त्यापेक्षा ग्रॅनाइटचा तुकडा बरा.

पाणी तांबूस झाले, आता?

घाबरण्यासारखे काही नाही. लाकडातले टॅनिन पाण्यात उतरते आणि पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. अनेकांना लोकप्रिय असलेला कार्डिनल टेट्रा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रोचा, म्हणजे ‘काळ्या नदी’चा. तांबूस पाणी हेच त्याचे घर. रंग नकोच असेल तर पाणी बदलत राहा किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला. गंमत अशी, की रंगाला भिऊन चांगले लाकूड फेकले जाते आणि रंग न सोडणारे नदीकाठचे लाकूड मात्र निर्धास्तपणे ठेवले जाते.

नव्या लाकडावर येणारा पांढरा, बुळबुळीत थरही बहुधा निरुपद्रवी असतो. काही आठवड्यांत तो जातो. तोवर एअरपंप चालू ठेवा.

नळाचे पाणी की बोअरचे?

टॅनिनमुळे पाण्याचा पीएच थोडा उतरतो, पण किती, ते पाण्यावर ठरते. बोअरच्या जड पाण्यात लाकडाचा परिणाम जवळपास जाणवत नाही. धरणातून येणारे नळाचे पाणी तुलनेने मऊ असते. त्यात मोठे लाकूड ठेवून महिनोन्‌महिने पाणी बदलले नाही, तर पीएच ६ च्या खाली जाऊ शकतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मंदावतात. आठवड्याला पाव टँक पाणी बदला, क्लोरीन काढूनच. पीएच तपासायचे किट फार महाग नसते. टेट्रा, एंजल, बेट्टा यांना लाकूड मानवते. मॉली आणि आफ्रिकन सिक्लिड यांना मात्र जड पाणीच लागते.

मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर?

लाकूड ठेवल्यावर पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले किंवा सैरभैर पळू लागले, तर लाकूड लगेच बाहेर काढा, निम्मे पाणी बदला, एअरपंप जोरात करा. ते लाकूड पुन्हा उकळून वापरू नका.