एकच शब्द, दोन अर्थ: नाटक आणि स्ट्रीट डान्समधल्या संज्ञा

मंडळी, आधी माझी फजिती सांगते. माझा विषय स्नायूंचा थकवा. पायलट स्टडीसाठी मी नाटकाच्या आणि स्ट्रीट डान्सच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली दिली. त्यात एक प्रश्न होता: 'तुम्ही फ्रीझ किती वेळ धरता?' डान्सवाल्यांनी लिहिलं, दोन-तीन सेकंद. नाटकवाल्यांनी लिहिलं, एक-दोन मिनिटं. मी खूश! नाटकवाल्यांची सहनशक्ती जास्त, असा निष्कर्ष काढून अ‍ॅबस्ट्रॅक्टही लिहून टाकला. गाईड मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "अगं, पण दोघं एकच गोष्ट करतायत का?"

करत नव्हते! म्हणून आज अशा काही फसव्या शब्दांबद्दल.

फ्रीझ. ब्रेकिंगमध्ये फ्रीझ म्हणजे वेगात असताना तालावर अचानक थांबणं. बऱ्याचदा शरीराचं सगळं वजन हातांवर, खांद्यावर किंवा डोक्यावर असतं. नाटकात फ्रीझ म्हणजे पात्रांनी आहे त्या जागी स्तब्ध होणं, म्हणजे प्रेक्षकांना तो प्रसंग चित्रासारखा पाहता येतो. ब्राझीलचे आउगुस्तो बोआल यांच्या 'इमेज थिएटर'मध्ये तर अशी शरीरांची चित्रंच शब्दांचं काम करतात. स्नायूंच्या दृष्टीने या दोन्हींची तुलना म्हणजे शीर्षासन आणि बसस्टॉपवर उभं राहणं यांची तुलना.

बीट. डान्समध्ये बीट म्हणजे संगीताचा ठोका. मिनिटाला किती, हे मोजता येतं. अभिनयात मात्र बीट म्हणजे प्रसंगाचा छोटा तुकडा. मुलगा आईकडे पैसे मागतोय, ती नाही म्हणते, मग तो रुसतो: त्याने डावपेच बदलला, तिथे नवा बीट सुरू झाला. प्रसंगाचे असे तुकडे पाडायची पद्धत स्तानिस्लावस्कींपासून आली. त्यात भर म्हणजे संहितेत नुसतं 'बीट' लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ छोटा विराम! एका शब्दाचे तीन अर्थ.

लॉकिंग, पॉपिंग, ब्लॉकिंग. लॉकिंग डॉन कॅम्पबेल यांनी 1970 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये घडवलं. चालू हालचाल झटकन थांबवायची, क्षणभर धरायची आणि पुढे जायचं. पॉपिंग कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नो शहरातलं, बूगलू सॅम यांच्या नावाशी जोडलेलं. त्यात स्नायू तालावर आवळून लगेच सैल सोडतात, त्यामुळे अंगाला झटका बसल्यासारखं दिसतं. म्हणजे एकात थांबा महत्त्वाचा, दुसऱ्यात आकुंचन. सेन्सर लावणार असाल तर हा फरक पक्का हवा. आणि नाटकातलं ब्लॉकिंग? कोणी कुठे उभं राहायचं, कधी कुठे सरकायचं याची आखणी. लॉकिंगशी फक्त यमक जुळतं.

सायफर आणि पथनाट्याचं रिंगण. दोन्हीकडे लोक गोल उभे असतात. पण सायफरमध्ये रिंगणातला कुठलाही नाचणारा आपली पाळी साधून आत येतो. पथनाट्यात सहसा नट ठरलेले असतात आणि भोवती प्रेक्षक. बोआल यांच्या 'फोरम थिएटर'मध्ये मात्र प्रेक्षकही आत येऊन पात्राची जागा घेतो. त्यामुळे निरीक्षणाच्या नोंदीत 'सहभागी' कोणाला म्हणायचं, हे आधीच ठरवा.

मग करायचं काय? प्रत्येक संज्ञेची कार्यात्मक व्याख्या लिहा. तीन गोष्टी पुरतात: यात काय मोजणार, काय मोजणार नाही, आणि कोणत्या एककात. पुस्तकातली व्याख्या उतरवून थांबू नका. ती दोन्ही गटांतल्या एकेकाला दाखवा आणि म्हणा, 'करून दाखव.' दोघांनी वेगळं काही केलं, तर चूक त्यांची नाही, तुमच्या प्रश्नाची आहे.

मी प्रश्न बदलला. आता एक प्रश्न 'हातांवर वजन घेऊन स्थिर राहण्याचा वेळ' आणि दुसरा 'उभ्याने स्तब्ध राहण्याचा वेळ', दोन्ही प्रश्न दोन्ही गटांना, आणि वेळ स्टॉपवॉचवर. माझा तो लाडका निष्कर्ष गेला, प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी लागली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हाच प्रश्न परीक्षकांनी व्हायव्हात विचारला असता, तर?

तुमच्या विषयातला असा एक शब्द आजच शोधा. सगळ्यात सोपा वाटतो ना, त्याच्यापासून सुरुवात करा.