नगरमध्यातील मॉलचे नूतनीकरण : फिलाडेल्फियाचे एक उदाहरण

इंग्रजीतील ‘मॉल’ या शब्दाचा मूळ अर्थ दुकानांशी संबंधित नाही. इटालियन ‘पाल्लामाल्यो’ हे चेंडू व लाकडी मोगरी घेऊन खेळावयाच्या एका खेळाचे नाव होय. सतराव्या शतकात लंडनमध्ये हा खेळ ज्या वृक्षांकित मार्गावर चाले, त्यास ते नाव चिकटले आणि पुढे फेरफटक्याच्या कोणत्याही रस्त्यास ‘मॉल’ म्हणण्याचा प्रघात पडला. सिमल्याचा ‘मॉल’ याच अर्थाचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र उघड्या रस्त्याचे हे नाव चारी बाजूंनी बंद असलेल्या बाजारास मिळाले. हा अर्थपालट केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. शहराच्या मध्यभागी असलेल्या मॉलचे नूतनीकरण करताना ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांमधील सीमा कोठे आखावी हाच मुख्य प्रश्न असतो.

बंदिस्त मॉलचा पहिला नमुना म्हणजे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ईडायना येथे 1956 साली उघडलेला ‘साउथडेल’. मूळचे व्हिएन्नाचे असलेले वास्तुशिल्पज्ञ व्हिक्टर ग्रुएन यांनी त्याची रचना केली. दुकानांची तोंडे आतील छपराखालच्या चौकाकडे आणि पाठी बाहेर, हे तिचे सूत्र होते. उपनगरात भोवताली मोटारी उभ्या करण्याची मैदाने असल्यामुळे या कोऱ्या पाठभिंती कोणास फारशा खटकल्या नाहीत. तीच रचना नगरमध्यात आणली की भिंत थेट पदपथाला येऊन भिडते. त्या रस्त्याने पायी जाणाऱ्यास मग ना दुकान दिसते, ना दार.

फिलाडेल्फियातील ‘द गॅलरी’ हे या अडचणीचे ठळक उदाहरण होय. मार्केट स्ट्रीट या जुन्या व्यापारी रस्त्यावर 1977 साली तिचा पहिला भाग उघडला आणि 1983 साली दुसरा भाग जोडला गेला. उपनगराकडे वळलेला ग्राहक शहरात परत आणणे हा त्यामागील हेतू होता. काचेच्या छताखाली अनेक मजल्यांचा चौक होता, आणि रस्त्याखालच्या मजल्यावरून भुयारी रेल्वेकडे वाट जात असे. 1984 साली उपनगरी गाड्यांचे नवे स्थानकही याच मजल्याशी जोडले गेले. घरी परतणारा कामकरी वर्ग रोज या वाटेने जाई. कालांतराने मोठी भांडारे बंद पडली, परंतु लहान दुकाने चालू राहिली. त्यांचा ग्राहक प्रामुख्याने आगगाडीने वा बसने ये-जा करणारा होता, आणि त्यात कृष्णवर्णीय नागरिकांचे प्रमाण मोठे होते. मार्केट स्ट्रीटवरील भिंत मात्र बव्हंशी मुकीच राहिली.

2015 च्या सुमारास नूतनीकरणास आरंभ झाला आणि सप्टेंबर 2019 मध्ये ही वास्तू ‘फॅशन डिस्ट्रिक्ट’ या नावाने पुन्हा उघडली. खर्च सुमारे 40 कोटी डॉलर झाला. रस्त्याकडील भिंतीत काच आणि नवी दारे आली. काही दुकानांना थेट पदपथावरून प्रवेश मिळाला. स्थानकाकडील वाट कायम ठेवण्यात आली. चित्रपटगृह व करमणुकीची केंद्रे यांना मोठी जागा दिली गेली. प्रत्येक निर्णयाचे मोल द्यावे लागतेच. दुकानाला रस्त्यावर दार दिले की ग्राहक आतील चौकात न शिरताच परततो, आणि आतल्या गाळ्यांपुढील वर्दळ घटते. उलट, दार फक्त आत ठेवले तर रस्ता ओस पडतो. मॉलच्या शिल्पज्ञास या दोहोंत निवड करावीच लागते.

तथापि सर्वांत दूरगामी निर्णय भिंतीचा नसून नावाचा होता. मराठीत दुरुस्तीच्या निरनिराळ्या प्रकारांना निरनिराळे शब्द आहेत. डागडुजीने वास्तू वापरण्याजोगी होते. जीर्णोद्धारात दगड नवे येतात, पण देवता आणि तिचे नाव तेच राहते. म्हणूनच जुन्या भाविकास ते आपलेच देऊळ वाटते. नूतनीकरणास असे बंधन नाही. गॅलरीतील अनेक जुन्या गाळेधारकांना नूतनीकरणापूर्वीच जागा सोडावी लागली होती. त्यामागोमाग नावही बदलले. ‘गॅलरी’ हा शब्द चालत जाण्याच्या जागेचा निर्देश करतो, तर ‘फॅशन’ हा शब्द विशिष्ट ग्राहकाचा. अशा रीतीने भिंतीत नवी दारे उघडत असतानाच जुन्या ग्राहकासमोरचे एक दार बंद होऊ शकते. काही मिनिटांच्या अंतरावरील ‘रीडिंग टर्मिनल मार्केट’ या जुन्या मंडईची गोष्ट वेगळी आहे. 1990 च्या दशकात तिची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा नाव आणि मंडईचे स्वरूप दोन्ही टिकले. त्या दुरुस्तीस जीर्णोद्धार म्हणता येईल.

फॅशन डिस्ट्रिक्ट उघडल्यानंतर सहा महिन्यांतच महासाथ आली, त्यामुळे या रचनेचे यशापयश केवळ विक्रीवरून ठरविणे योग्य नव्हे. 2022 साली या वास्तूचा सुमारे एकतृतीयांश भाग पाडून तेथे बास्केटबॉलचे क्रीडागृह बांधण्याची योजना मांडण्यात आली. उत्तरेस लागून असलेल्या चिनी वस्तीने तिला तीव्र विरोध केला. डिसेंबर 2024 मध्ये नगरपरिषदेने योजनेस मान्यता दिली, पण जानेवारी 2025 मध्ये संघाच्या मालकांनीच ती मागे घेतली.

पुण्यात ‘पेठ’ हा एकच शब्द बाजाराचाही वाचक आहे आणि वस्तीचाही. ज्या शहरात या दोन कल्पना अशा एकत्र नांदतात, तेथे बाजाराचे दार कोणासाठी उघडावे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. मॉलने त्या दोन कल्पना वेगळ्या केल्या. म्हणून नगरमध्यातील मॉलचा आराखडा तपासताना काचेचे क्षेत्रफळ मोजण्यापूर्वी, त्या रस्त्याने पूर्वीपासून जाणारा मनुष्य नव्या दारातून आत येईल काय, हे विचारणे अगत्याचे आहे.