चोंग्येचॉनचा ओढा : समज आणि वस्तुस्थिती

सेऊल शहराच्या ऐन मध्यातून वाहणारा चोंग्येचॉन हा ओढा 1958 पासून टप्प्याटप्प्याने काँक्रीटखाली गाडला गेला, पुढे त्याच्यावर उन्नत महामार्ग उभा राहिला, आणि तो महामार्ग पाडून 1 ऑक्टोबर 2005 रोजी सुमारे 5.8 किलोमीटरांचा प्रवाह लोकांसाठी खुला झाला, ही हकीकत नगररचनेच्या चर्चेत वारंवार सांगितली जाते. परंतु तिच्याभोवती जे समज दृढ झाले आहेत, त्यांची छाननी होणे अगत्याचे आहे.

छत काढताच मूळचा नैसर्गिक झरा वाहू लागला, हा त्यांतील सर्वांत प्रबळ समज. वास्तविक हा ओढा राजांच्या हुकमाने शतकानुशतके खोदला व बांधला गेलेला होता. 1760 मध्ये राजा योंगजो याने त्यातील गाळ मोठ्या प्रमाणावर उपसून घेतला. बारमाही वाहणे त्याच्या प्रकृतीतच नव्हते : कोरड्या ऋतूत तळ उघडा पडे आणि पावसाळ्यात काठच्या वस्तीत पाणी शिरे. आजचे पाणी मुख्यत्वे हान नदीतून, आणि काही अंशी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झिरपणाऱ्या भूजलातून, दररोज सुमारे 1 लाख 20 हजार टन इतके पंपांनी आणून सोडले जाते. सांडपाण्यासाठी तीरांखाली बंदिस्त वाहिन्या आहेत. मुसळधार पावसात त्यांची दारे उघडतात आणि पायवाटा तत्काळ बंद केल्या जातात. ग्वांगतोंग पूलही मूळ जागी नाही. राणीच्या समाधीचे कोरीव दगड, काही तर उलटे, ज्याच्या बांधणीत बसवलेले आहेत, असा हा पंधराव्या शतकातील पूल वाहतुकीच्या सोयीसाठी प्रवाहाच्या वरच्या अंगाला हलवावा लागला. म्हणून या कामाला जीर्णोद्धार न म्हणता नवनिर्मिती म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. अर्थात, त्याने या कामाची योग्यता उणावत नाही, कारण काठचे तापमान शेजारच्या रस्त्यांपेक्षा काही अंशांनी कमी नोंदले गेले आहे.

महामार्ग केवळ सौंदर्यासाठी पाडला, हेही खरे नव्हे. त्याचे पोलाद गंजले होते, जड वाहनांना मनाई करावी लागली होती, आणि दुरुस्तीचा खर्च अटळ होता. 2002 मध्ये महापौर झालेल्या ली म्युंग-बाक यांनी त्याच्या निर्मूलनाचेच आश्वासन दिले होते. वाहतूक कोलमडेल हे भाकीतही फोल ठरले. 2004 मध्ये बससेवेची नवी घडी बसवून, रस्त्याच्या मध्यभागी बससाठी स्वतंत्र मार्गिका आखून शहराने तजवीज केली.

परंतु या कायापालटाचा लाभ सर्वांस सारखाच मिळाला, हा समज मात्र मला सर्वांत घातक वाटतो. कोरियन युद्धानंतर आश्रयास आलेल्या निर्वासितांच्या झोपड्या ओढा झाकताना हटविण्यात आल्या, आणि ओढा उघडताना पदपथावर जुन्या वस्तू विकणाऱ्या फेरीवाल्यांना उठविण्यात आले. त्यांपैकी कित्येकांना दोंगदेमून मैदानात जागा मिळाली. थोड्याच वर्षांत तेही मैदान पाडले गेले, बाजार पुन्हा हलवावा लागला, आणि त्या जागी 2014 मध्ये झाहा हदीद यांनी रचलेले भव्य डिझाइन केंद्र उभे राहिले. असे काम आपल्या शहरांत काढू इच्छिणाऱ्यांनी पंपांची तरतूद करण्यापूर्वी या माणसांची तरतूद लेखी करून घ्यावी.