बंद दारांमागचं जाळं, भाग ९ : हा १२७.०.०.१ कुणाचा?

आज एसएसएचच्या कीज आणि एजंटची पाळी होती. ती पुढे ढकलली आहे, कारण इचलकरंजीहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातली अडचण आख्खा भाग खर्च करण्याच्या लायकीची आहे. त्यांनी गेल्या भागात सांगितल्याप्रमाणे एसएसएचचा टनेल टाकला आणि लॅपटॉपचा ३३०७ हा पोर्ट ऑफिसातल्या मायएसक्यूएलच्या ३३०६ ला जोडला. मग क्लायंटला होस्ट म्हणून लोकलहोस्ट आणि पोर्ट म्हणून ३३०७ सांगितला. पासवर्ड चालला, प्रॉम्प्ट आला, डेटाबेसही दिसला. फक्त नवी टेबलं गायब आणि नोंदी कित्येक महिन्यांपूर्वीच्या. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, ‘टनेल जुना डेटा देतो का?’

टनेल बिचारा निर्दोष आहे. हे गृहस्थ त्यात शिरलेच नव्हते. युनिक्स-लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला ‘लोकलहोस्ट’ हे नाव दिलं की तो नेटवर्कच्या वाटेला जातच नाही, त्याच मशीनवरच्या सॉकेट फाइलमधून जोडून घेतो. सोबत पोर्ट दिला असला तरी. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण? लॅपटॉपवर सरावासाठी बसवलेला मायएसक्यूएल चालू होता, त्यात ऑफिसच्या डेटाबेसची जुनी प्रत होती आणि पासवर्डही तोच ठेवलेला. नावाऐवजी १२७.०.०.१ लिहिलं, किंवा प्रोटोकॉल टीसीपी असा स्पष्ट सांगितला, की क्लायंट निमूट टनेलमधून जातो. इथे चूक निरुपद्रवी ठरली. उलटी झाली असती, म्हणजे घरचा डेटाबेस समजून ऑफिसच्या टेबलावर डिलीट चाललं असतं, तर पत्राचा सूर वेगळा असता.

पण या पत्रामागे एक मोठा घोळ आहे, आणि टनेलला टनेल जोडताना नवखेच काय, मुरलेले लोकही त्यात सापडतात. ‘समोरच्या दुकानातून घेऊन ये’ म्हटलं तर कुठलं दुकान, हे सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. १२७.०.०.१ तसाच आहे. तो प्रत्येक मशीनला असतो आणि त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ एवढाच. साखळीत तीन-चार मशीन्स असली की तितकेच ‘मी स्वतः’ तयार होतात, आणि कमांडमध्ये लिहिलेला त्यातला कुठला, हे वाचणाऱ्या मशीनवर ठरतं.

वाचतं कोण? याचं उत्तर एसएसएचच्या नियमावलीतच आहे. आरएफसी ४२५४, जानेवारी २००६. डॅश एल वापरून टाकलेल्या टनेलच्या तोंडाशी कुणी जोडणी केली की क्लायंट पलीकडच्या सर्व्हरला एक विनंती पाठवतो. नियमावलीत तिचं नाव आहे ‘डायरेक्ट-टीसीपीआयपी’. तिच्यात चार गोष्टी असतात: कुठल्या होस्टकडे जायचं, कुठल्या पोर्टवर, आणि मागणी करणाऱ्याचा पत्ता आणि पोर्ट. होस्टचं नाव जसं टाइप केलं तसं, निव्वळ अक्षरं म्हणून, पलीकडे जातं. लॅपटॉप त्याचा अर्थ लावायला जात नाही. म्हणूनच लॅपटॉपच्या डीएनएसला ठाऊकही नसलेलं आतल्या नेटवर्कमधलं नाव तिथे बिनधास्त लिहिता येतं. आणि म्हणूनच तिथे लिहिलेला लोकलहोस्ट हा पलीकडच्या सर्व्हरचा असतो.

आता साखळी. लॅपटॉपवरून ‘गेट’ नावाच्या मशीनवर जाता येतं, गेटवरून ‘आतला’ या मशीनवर. पोस्टग्रेसचा डेटाबेस १०.०.२.१५ वर, पोर्ट ५४३२. तिथवर हात पोचतो तो फक्त आतल्याचा. जुन्या सवयीची माणसं लॅपटॉपवरून गेटवर एसएसएच करतात आणि सोबत डॅश एल ५४३३:१२७.०.०.१:५४३३ देतात. मग गेटच्या प्रॉम्प्टवर दुसरं एसएसएच, आतल्याकडे, सोबत डॅश एल ५४३३:१०.०.२.१५:५४३२. पहिल्या कमांडमधला १२७.०.०.१ गेट वाचतं, दुसऱ्यातला १०.०.२.१५ ‘आतला’ वाचतो. चालतं. वर्षानुवर्षं चालत आलंय.

समजा, गेटवर त्याच वेळी दुसरं कुणी काम करतंय आणि त्यानेही ५४३३ च पकडलाय. उदाहरणांतून उचललेले आकडे सगळे एकाच ठिकाणाहून उचलतात, त्यामुळे हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. दुसऱ्या कमांडला पोर्ट मिळत नाही. ती ‘बाइंड: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ अशी ओळ छापते आणि तरीही थांबत नाही! लॉगिन होतं, सर्व्हरचं स्वागताचं बाड स्क्रीनवर सांडतं, आणि ती एक ओळ त्यात वर सरकून दिसेनाशी होते. पहिला टनेल ठणठणीत असतो. तो इमानेइतबारे गेटच्या ५४३३ वर नेऊन सोडतो. तिथे दुसऱ्याच्या टनेलचं तोंड आहे, आणि तो टनेल दुसऱ्याच डेटाबेसकडे जातो. युजरनेम-पासवर्ड वेगळे असले तर नुसतीच चिडचिड होते. टेस्टिंगसाठी सगळ्यांनी एकच पासवर्ड ठेवला असेल तर इचलकरंजीचाच किस्सा, पण आता दुसऱ्याच्या घरात.

यावर औषध आहे. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ येस करून ठेवलं की पोर्ट न मिळाल्यास कमांड तिथेच मान टाकते. मुळात ते नो असतं. हे उलटं असायला हवं होतं, असं या लेखकाचं ठाम मत आहे.

टक्कर झाली नाही तरी हाताने जोडलेल्या साखळीत एक भोक राहतंच. १२७.०.०.१ वर ऐकणारा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद असतो, त्याच मशीनवर लॉगिन केलेल्यांना नाही. फाइलला मालक असतो, परवानग्या असतात. पोर्टला यातलं काही नसतं. गेटवरचा कुठलाही युजर त्या ५४३३ ला जोडून घेऊ शकतो. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकांवर, किंवा कुठल्याही विद्यापीठाच्या क्लस्टरवर, लॉगिन नोड हा सामाईक असतो. संशोधक मंडळी आतल्या कॉम्प्युट नोडवर ज्युपिटर नोटबुक सुरू करतात आणि ८८८८ हा पोर्ट लॉगिन नोडमार्गे आपल्या लॅपटॉपवर ओढतात. ज्युपिटरने डिसेंबर २०१६ मध्ये, ४.३ या आवृत्तीत, टोकनची सक्ती आणली. त्याआधी पासवर्ड न लावलेलं नोटबुक म्हणजे ‘या, माझ्या नावाने हवी ती कमांड चालवा’ असं खुलं आमंत्रण होतं. ओपनएसएसएच ६.७ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०१४ पासून, पोर्टच्या जागी सॉकेट फाइलही टनेलला जोडता येते, मग फाइलच्या परवानग्या कामी येतात. सामाईक मशीनवर ही सोय जितकी वापरायला हवी तितकी कुणी वापरत नाही.

गेटवरचं हे भोक टाळायचं तर डॅश जे. ऑगस्ट २०१६ मध्ये ओपनएसएसएच ७.३ सोबत ते आलं. त्याआधी हेच काम डॅश डब्ल्यूने व्हायचं आणि त्याच्याही आधी गेटवर नेटकॅट चालवून. लॅपटॉपवर लिहायचं: एसएसएच, डॅश जे गेट, डॅश एल ५४३३:१०.०.२.१५:५४३२, आणि शेवटी आतल्याचं नाव. वरवर पाहता हा नुसता शॉर्टकट वाटतो, पण आतली रचना वेगळी आहे. लॅपटॉप गेटला एकच विनंती करतो, आतल्याच्या २२ पोर्टपर्यंत एक चॅनल उघडून दे. त्या चॅनलमधून लॅपटॉप आणि ‘आतला’ यांच्यात दुसरं, संपूर्ण एसएसएच सुरू होतं, स्वतःच्या हँडशेकसह, स्वतःच्या होस्ट कीच्या तपासणीसह. गेटवर कुठलाही ५४३३ उघडत नाही. हाताने जोडलेल्या साखळीत गेटवर मजकूर एकदा उलगडून पुन्हा कुलूपबंद होतो. इथे गेटच्या हाती फक्त कुलूपबंद बाइट्स लागतात. आणि डॅश एलमधला पत्ता ‘आतला’ वाचतो, गेट नाही. बरेच जण इथे चकतात. डॅश जे लावल्यावरही तिथे लोकलहोस्ट लिहून गेटवरची सेवा शोधत बसतात.

शेवटचा टप्पा, आतल्यापासून डेटाबेसपर्यंतचा, एसएसएचच्या संरक्षणाखाली नसतो. तिथे पोस्टग्रेसचं टीएलएस चालू नसेल तर मजकूर उघडाच जातो. शिवाय डेटाबेसला पाहुणा दिसतो तो ‘आतला’. त्यामुळे पीजी-एचबीए फाइलमध्ये परवानगी आतल्याच्या पत्त्याला द्यावी लागते, लॅपटॉपच्या नाही. लॉगमध्येही सगळ्यांचा पत्ता तोच. कुठली क्वेरी कुणाची होती, हे नंतर शोधायचं तर प्रत्येकाला वेगळं युजरनेम हवं.

बिघाड शोधताना नजर एसएसएचच्या खिडकीवर ठेवावी. टनेल उभा राहताना पलीकडची सेवा जिवंत आहे की नाही, हे तपासलं जातच नाही. पहिली जोडणी आली की मगच विनंती जाते. त्यामुळे मेलेल्या डेटाबेसकडे जाणारा टनेलही सुरुवातीला झकास दिसतो, आणि पोस्टग्रेसचा क्लायंट ‘सर्व्हरने अचानक जोडणी तोडली’ अशी दिशाभूल करणारी तक्रार करतो. खरं कारण एसएसएचच्या खिडकीत असतं. ‘कनेक्ट फेल्ड: कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे शेवटच्या मशीनपर्यंत पोचलात, तिथे ऐकणारं कुणी नाही. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’ म्हणजे सर्व्हरच्या मालकाने टनेलला बंदी घातली आहे किंवा ठरावीकच पत्त्यांना मुभा दिली आहे. तिथे कमांडशी झटापट न करता सरळ त्याला फोन करावा. ‘स्टडआयओ फॉरवर्डिंग फेल्ड’ दिसलं तर दोष डॅश जेच्या टप्प्यात, म्हणजे गेट आणि ‘आतला’ यांच्यामध्ये.

ब्राउझरसाठीच्या डॅश डीमध्येही, म्हणजे एसएसएचच्या सॉक्स प्रॉक्सीमध्येही, ‘नाव कोण वाचतं’ हा प्रश्न येतोच. कर्लला ‘सॉक्स५’ सांगितलं तर नावाचा पत्ता लॅपटॉप शोधतो, ‘सॉक्स५एच’ सांगितलं तर ते काम पलीकडचा करतो. आतलं नाव सापडत नसेल तर बहुतेक वेळा तो एच राहिलेला असतो.

कीज आणि एजंट पुढच्या आठवड्यात, नक्की. एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसलेल्याने फॉरवर्ड केलेला एजंट कसा वापरून घेतला, तिथूनच सुरुवात करू. तोवर आपापली कॉन्फिग फाइल उघडून पाहा, आणि ‘फॉरवर्ड एजंट येस’ सगळ्या होस्टना सरसकट लावलेलं दिसलं तर ते आजच काढून टाका.