कारखाना गुजरातला गेला. पण आपल्या वाट्याला काय येणार होते?

सप्टेंबर २०२२ मध्ये रोहा आणि पेण तालुक्यांतल्या आपल्या घरांनी दोन बातम्या पाठोपाठ ऐकल्या. १ सप्टेंबरला केंद्र सरकारने जाहीर केले, की औषधांचा कच्चा माल तयार करणारे तीन मोठे पार्क हिमाचल प्रदेश, गुजरात आणि आंध्र प्रदेश या राज्यांत होतील. महाराष्ट्राने त्यासाठी रोहा आणि मुरूड तालुक्यांतली जागा सुचवली होती. ती मागे पडली. लगेच १३ सप्टेंबरला वेदांत आणि फॉक्सकॉन या कंपन्यांनी गुजरात सरकारशी करार केला. एक लाख चौपन्न हजार कोटी रुपयांचा तो चिप बनवण्याचा प्रकल्प पुण्याजवळ तळेगावला येणार, असे त्याआधी बोलले जात होते. पुढच्याच महिन्यात, ३० ऑक्टोबरला, टाटा-एअरबसच्या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याची पायाभरणी वडोदऱ्यात झाली.

"आपले कारखाने पळवले," हे वाक्य तेव्हा एस.टी. स्टँडपासून विहाराच्या ओट्यापर्यंत सगळीकडे ऐकू येत होते. ज्या घरातला मुलगा आयटीआय करून दोन वर्षे घरी बसला आहे, त्या घराला हळहळ वाटणारच. त्या हळहळीला आम्ही नावे ठेवत नाही. पण वाचकहो, एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे. हे कारखाने आले असते, तर आपल्या वस्तीच्या वाट्याला नेमके काय आले असते?

बोली कोणाची, पैसा कोणाचा?

ही चढाओढ काल-परवाची नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि १९६२ साली दोन्ही राज्यांनी आपापले औद्योगिक विकास महामंडळ काढले. आपली एमआयडीसी ती हीच. मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्राने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. १९९१ नंतर दिल्लीच्या परवान्याची अट बहुतेक उद्योगांना राहिली नाही. मग कंपनी सांगेल तिथे कारखाना, आणि कंपनीने आपल्याकडे यावे म्हणून प्रत्येक राज्याची धावपळ, असा खेळ रंगला. विक्रीकरात सूट देण्याची इतकी चुरस लागली, की शेवटी सर्व राज्यांनाच २००० सालापासून ती थांबवण्याचे ठरवावे लागले. पण सूट थांबली नाही, तिचे रूप बदलले. आता स्वस्त जमीन, वीजदरात सवलत, मुद्रांक शुल्काची माफी, भांडवली अनुदान आणि भरलेल्या जीएसटीचा काही भाग परत, असा आहेर कंपनीला दिला जातो.

हा एक प्रकारचा लिलावच आहे. बोली राज्ये लावतात, पण पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपण साबणाच्या वडीवर कर भरतो त्यातला. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या चिप कारखान्याला २०२३ साली मंजुरी मिळाली. त्याच्या खर्चातल्या दर शंभर रुपयांपैकी पन्नास केंद्र सरकार देणार, वीस गुजरात सरकार देणार आणि कंपनीच्या खिशातून तीस जाणार, असा हिशेब ठरला.

औषधांच्या पार्कसाठीही गुणांकन होते. तेरा राज्ये स्पर्धेत उतरली होती. कोण जमीन किती कमी भाड्याने देतो, वीज-पाण्याचा दर किती उतरवतो, याला गुण होते. या पार्कसाठी केंद्राची मदत प्रत्येकी एक हजार कोटींपर्यंत होती, म्हणून सगळ्यांनी हात सैल सोडले.

जो जिंकला तो सुखी झाला का? हिमाचल प्रदेशचेच पाहा. औषधांच्या पार्कबरोबरच वैद्यकीय उपकरणांच्या पार्कचीही स्पर्धा झाली होती आणि त्यात हिमाचलचे नालागड निवडले गेले. अट अशी, की जमीन चौरस मीटरला एक रुपया दराने द्यायची, वीज तीन रुपये युनिटने द्यायची आणि पाणी, देखभाल, गोदाम दहा वर्षे फुकट. २०२४ साली तिथल्या सरकारने हिशेब मांडला. हा व्यवहार राज्याला परवडणारा नाही असे दिसताच, केंद्राकडून आलेले ३० कोटी रुपये परत करण्याचा निर्णय त्याने घेतला. जिंकलेल्यालाच जिंकणे जड झाले.

आणि तळेगावहून "पळवलेला" चिपचा कारखाना? जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने वेदांतबरोबरची भागीदारीच सोडली. ज्याच्यासाठी दोन राज्यांत वर्षभर भांडण झाले, तो त्या दोघांचा कारखाना ना तळेगावात उभा राहिला, ना गुजरातमध्ये. सगळेच प्रकल्प असे विरतात, असे आमचे म्हणणे नाही. गुजरातमध्ये धोलेरा येथे टाटांच्या चिप कारखान्याला २०२४ साली केंद्राची मंजुरी मिळाली आहे. पण घोषणेचा आकडा ऐकून कोणी पोराच्या लग्नाची तारीख काढू नये, एवढेच सांगायचे आहे.

कारखाना असणे आणि कारखान्यात जागा असणे

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळची एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. मुंबईत कापड गिरण्यांची रांग लागली होती. कोकणातून माणसे जात होती, कामही मिळत होते. पण विणकाम खात्यात पगार जास्त, आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, असे कारण दिले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. गिरणी असणे आणि गिरणीत बरोबरीची जागा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

याचा अर्थ बाबासाहेब कारखान्यांच्या विरोधात होते असा कोणी काढू नये. १९१८ साली लिहिलेल्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी सांगितले होते, की शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवल्याशिवाय शेती सुधारणार नाही. खेड्यातल्या माणसाला कारखाना हवाच. प्रश्न आहे तो अटींचा.

आपल्याच तालुक्यातले उदाहरण घ्या. रोहा तालुक्यात नागोठण्याला आयपीसीएल या सरकारी कंपनीचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. कंपनी सरकारी, म्हणून नोकरभरतीत आरक्षण होते. २००२ साली केंद्राने कंपनीचा २६ टक्के वाटा रिलायन्सला विकला आणि कारभार तिच्या हाती गेला. २००७ साली आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली. कारखाना कुठल्याही राज्यात गेला नाही. जागच्या जागीच राहिला, धूरही निघत राहिला. पण नव्या भरतीत आरक्षणाने आत जायचे दार मात्र बंद झाले, कारण खाजगी नोकरीत आरक्षणाचा कायदा नाही. गुजरातने काही नेले नाही आणि तरीही आपले काही गेले. याची हळहळ मात्र स्टँडवर फारशी ऐकू आली नाही!

पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने आहेत आणि त्यांच्याबरोबर कुंडलिका नदीच्या प्रदूषणाची जुनी तक्रारही आहे. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत कारखाने नाहीत असे नाही. आपल्या घरातला माणूस त्यांत कोणत्या फाटकातून आत जातो, कायम कामगाराच्या की कंत्राटदाराच्या, हा खरा सवाल आहे.

सातबारा नसलेल्याचे काय?

प्रकल्प येतो तेव्हा वर्तमानपत्रात शेतकऱ्यांचा विरोध येतो, मोबदल्याचा दर येतो. २००८ साली पेण तालुक्यात महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर २२ गावांत २१ सप्टेंबरला कौल घेतला गेला. देशात नवल वाटावे अशी ती गोष्ट होती, आणि पेणच्या शेतकऱ्यांचे त्याबद्दल कौतुकच आहे. पण तो जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचा कौल होता. त्याच शेतात लावणी-कापणी करणाऱ्या मजुराच्या नावावर गुंठाही नसतो. जमीन गेली की त्याची मजुरी जाते आणि हातात मोबदल्याची चिठ्ठीही पडत नाही.

आपल्याकडे जमीन का नाही, हे या जिल्ह्याला सांगायला नको. इथे खोती होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते याच कोकणातल्या कुळांसाठी.

पण भूमिहीनाला कायद्याने अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात "बाधित कुटुंब" या शब्दांत जमीन नसलेली, पण संपादनाच्या आधी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणारी मजूर, कुळे आणि कारागीर यांची कुटुंबेही धरली आहेत. मात्र एमआयडीसी आपली जमीन १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने घेते. म्हणून गावात मोजणीची माणसे दिसली, की पहिला प्रश्न विचारा: संपादन कोणत्या कायद्याखाली आहे, आणि त्यात भूमिहीनांच्या पुनर्वसनाची तरतूद आहे का? ज्यांच्या घरी जुनी वतनाची जमीन आहे त्यांनी आजच तलाठ्याकडून सातबारा काढून आपली वारस नोंद झाली आहे का ते पाहावे. मोजणीच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही.

घरात बसून करता येईल असे

कारखान्याला पर्यावरणाची मंजुरी देण्याआधी जिथे जनसुनावणी होते, तिथे जरूर जा. तिची जाहीर सूचना तीस दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तिथे बोलायला सातबारा लागत नाही. हंडा घेऊन पाण्याला जाणारी आई-बहीण तिथे बोलली, तर तिचे म्हणणेही नोंदवावेच लागते.

सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी ८० टक्के स्थानिक माणसे घ्यावीत, असे महाराष्ट्र शासनाचे धोरण जुने आहे. पण "स्थानिक" म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहणारा माणूस. रोह्याचा किंवा पेणचाच, असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा ग्रामसभेत ठराव करताना तालुक्याचे नाव आणि भूमिहीन कुटुंबांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत घालून घ्या.

आयटीआय झालेल्या मुलामुलींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खाजगी नोकरीत आरक्षण नसले, तरी १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात ठरवून दिलेल्या व्यवसायांतील प्रशिक्षणाच्या जागांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आहे, आणि ती खाजगी कारखान्यांनाही आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. १९९० पासून केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले जाते. म्हणून जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि आयटीआयचे गुणपत्रक एका पिशवीत तयार ठेवा.

आणि कामावर घेतले, तर पहिल्याच आठवड्यात नियुक्तिपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. पत्रावर नाव कंपनीचे आहे की कंत्राटदाराचे, ते वाचा. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक विचारा. पगाराची पावती घरी आणा आणि ती चुलीत जाऊ देऊ नका. ज्याला वाचता येत नाही, त्याला वस्तीतल्या शिकलेल्या मुलीने ती वाचून दाखवावी.

उद्या पुन्हा एखादा प्रकल्प येणार म्हणून गाजावाजा होईल, किंवा गेला म्हणून ओरड होईल. कंपनीला कोणी किती दिले, याचा हिशेब राज्ये एकमेकांना विचारतातच. कामगाराला कोणी किती दिले, हा हिशेब कोणतेही राज्य दुसऱ्याला विचारताना आम्ही पाहिले नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल; आणि कारखान्याचे फाटक उभे राहण्याआधी विचारावा लागेल, कारण फाटक उभे राहिल्यावर बाहेरच्याचा आवाज आत जात नाही.