पाटकऱ्याच्या खिशातला जुना तक्ता

संगमनेरच्या एका विद्यार्थ्याने प्रश्न पाठवला आहे. कांद्याचे भाव दाखवणारी वेबसाइट त्याने अ‍ॅझ्युअरच्या क्लाउडवर चढवली. भाव गोळा करून साठवणारा प्रोग्रॅम मागे सतत चालतो, पण तो दर वेळी वेगळा, हाताने चढवावा लागतो. साइट बदलली की हा मागचा गडी अडखळतो. दोन्ही एकदम कसं न्यायचं?

प्रश्न संगमनेरचा, म्हणून आधी ओझरच्या बंधाऱ्यावर जाऊ. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरा नदीतून ओझरला येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. शेतकऱ्याला दिसतं ते चारीत आलेलं पाणी. रात्री-अपरात्री दारं उघडणारा पाटकरी दिसत नाही. समजा, कचेरीत शेजपाळीचा, म्हणजे कोणाला कधी पाणी द्यायचं त्याचा, नवा तक्ता लागला आणि पाटकऱ्याच्या खिशात जुनाच राहिला. तक्ता बरोबर, पाटकरीही प्रामाणिक, तरी पाणी भलत्याच्याच शेतात!

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये हेच घडलं. तिथले स्टीव्ह जॉन्सन संतापून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. अख्खी सकाळ जॉन्सन एका प्रोग्रॅममधली चूक शोधत होते आणि चूक नव्हतीच. ती आधीच दुरुस्त झाली होती. फक्त ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती, त्यामुळे चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. फेल्डमनही आदल्या संध्याकाळी याच खड्ड्यात पडले होते. त्यांनी त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला. कशावर काय अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवा, जुनं काय झालं ते यंत्रच ओळखून नव्याने घडवेल. कोड आपोआप घडवून चढवणारी ‘पाइपलाइन’ म्हणून आज जे मोठ्या थाटात विकलं जातं त्याचं मूळ या दोन दिवसांत आहे. फेल्डमनना २००३ साली एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, पण आपल्या अभ्यासक्रमात ‘मेक’ची आज्ञा शिकवतात, माणसाचं नाव सांगत नाहीत. मला हे फार लागतं.

तर विद्यार्थीमित्रा, मागचा प्रोग्रॅम साइटच्याच गठ्ठ्यात बांध. अ‍ॅझ्युअरमध्ये २०१४ पासून ‘वेबजॉब्ज’ची सोय आहे. साइटच्या ‘अ‍ॅप डेटा’ फोल्डरात ‘जॉब्ज’, त्यात अखंड चालणाऱ्या कामासाठी ‘कंटिन्युअस’ आणि वेळेवर चालणाऱ्यासाठी ‘ट्रिगर्ड’. तू कोड पाठवलास की पाइपलाइनने दोन्ही प्रोग्रॅम घडवावेत, जॉब त्या फोल्डरात ठेवावा आणि एकच झिप चढवावी. नवा तक्ता आणि पाटकरी एकाच गाडीतून निघतात.

साइटची ‘ऑल्वेज ऑन’ ही सेटिंग चालू ठेव, नाहीतर वीसेक मिनिटं कोणी फिरकलं नाही की साइट झोपते आणि जॉबही थांबतो. जॉबची वेळ नेमताना लक्षात ठेव: युनिक्सवर वेळेवर कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये वेळेचे रकाने पाच, इथे सहा, पहिला सेकंदांचा. आणि अ‍ॅझ्युअरचं एक केंद्र सप्टेंबर २०१५ पासून पुण्यात, तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यात असलं, तरी तिथलं घड्याळ मुळात ग्रिनिचचं. मध्यरात्रीसाठी नेमलेलं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतं. सेटिंगमध्ये भारतीय वेळ लिहून दे. बाजाराला निघालेला शेतकरी साडेपाचच्या आधीच भाव बघतो.